हसण्यामागचे मन

डहाणू, बोईसर, पालघर या गावांहून मुंबईकडे निघालेली गाडी सफाळे स्थानक सोडून वैतरण्याच्या वाटेला लागली, की थोड्याच वेळात तिच्या चाकांचा आवाज पालटतो. जमिनीवरचा जड खडखडाट थांबतो आणि पोकळ, घुमणारा नाद सुरू होतो. गाडी वैतरणेच्या खाडीवरील पुलावर आलेली असते. खाली भरतीचे गढूळ पाणी, काठाला तिवरांची दाट झाडी, दूरवर एखादी होडी. पोटापाण्यासाठी मुंबईस जाणारी असंख्य माणसे हा पूल सकाळी एकदा आणि रात्री एकदा, अशी रोज ओलांडतात. त्यांतील कित्येकांनी अंधार असतानाच घर सोडलेले असते. बसावयास जागा नसते. उभे राहावयासही ती धडपणे मिळत नाही. अशा डब्यात कान देऊन ऐकावे, तर कुरकुरीच्या जोडीने हसणेही पुष्कळ ऐकू येते.

"आज गाडी अगदी वेळेवर आली हो!" असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने लगेच उत्तर द्यावे, "छे, ही कालची गाडी!" हा विनोद बहुधा आगगाडीइतकाच जुना असेल, तरी तो पुनःपुन्हा सांगितला जातो आणि पुनःपुन्हा लोक त्याला हसतात. नदीच्या नावावरही कोटी करता येते. यमलोकाच्या वाटेवर वैतरणी नावाची भयंकर नदी आहे आणि मेलेल्या माणसाला ती गाईचे शेपूट धरून तरून जावी लागते, असे पुराणांत सांगितले आहे. तेव्हा एखादा गमत्या उतारू सहज म्हणेल, "त्या वैतरणीचे आम्हांला भय कसले? ती मेल्यावर एकदा. ही आम्ही जिवंतपणी रोज दोनदा ओलांडतो, आणि तीही गाईच्या शेपटावाचून, दाराच्या दांड्याला धरून!"

यावर डबा हसेल यात शंका नाही. पण क्षणभर थांबून पाहा. या बोलण्यात हसण्यासारखे खरोखर काय आहे? दोन नद्यांची नावे सारखी आहेत, एवढेच. बाकीचे सारे गंभीर आहे. गर्दीमुळे दारात लोंबकळत जाणे धोक्याचे असते. हात सुटला तर काय होईल, हे त्या माणसाला पुरते ठाऊक असते. रोजच्या थकव्याचाही त्याला वीट आलेला असतो. हे भय आणि हा वीट त्याने उघडपणे बोलून दाखविला, तर शेजारचा उतारू मान फिरवील. तोच तो विनोदाच्या वेषात पुढे ठेवतो, तेव्हा सगळा डबा तो स्वीकारतो, कारण तेच भय प्रत्येकाच्या मनात दडलेले असते. हसणे म्हणजे केवळ आनंदाची खूण, असे आपण समजतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. आनंदाबरोबरच भय, दुःख, लाज, राग, माया या साऱ्या भावना हसण्याच्या आडोशाला येऊन बसतात, आणि बाहेरून पाहणाराला मात्र सर्वांचा आवाज एकच ऐकू येतो.

हसणे ही क्रिया मुळात शरीराची आहे. हसताना आपला श्वास एकसारखा बाहेर न पडता तुटक तुटक पडतो. पोटाचे व छातीचे स्नायू वरचेवर आकुंचन पावतात. फार हसू आले तर डोळ्यांतून पाणी येते. चार्ल्‌स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर एक ग्रंथ लिहिला. गुदगुल्या केल्या असता चिंपँझी माकडाचे पिल्लूही हसण्यासारखा आवाज काढते, असे त्याने त्यात नमूद केले आहे. म्हणजे विनोद कळू लागण्याच्या पुष्कळ आधी हसणे जन्माला आले. अगदी अलीकडच्या काळात रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोक केव्हा हसतात याचे निरीक्षण केले. त्याला असे आढळले, की एकटे असताना मनुष्य जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो. आणि पुष्कळदा हसू येते ते विनोदाला नव्हे, तर अगदी साध्या बोलण्याला. 'बरे, येतो मी' अशा वाक्यालाही माणसे हसतात! तेव्हा हसणे हे एका मनाने दुसऱ्या मनाशी केलेले बोलणेच आहे. 'मी तुमच्यातला आहे,' असे त्यात शब्दांवाचून सांगितलेले असते.

आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याला स्वतंत्र रसाचे स्थान दिले आणि हसण्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. ओठांतल्या ओठांत हसण्यापासून अंग हलवून, डोळ्यांत पाणी आणून हसण्यापर्यंतच्या या पायऱ्या आहेत. पहिले दोन प्रकार उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यम माणसांचे व शेवटचे दोन हलक्या माणसांचे, असाही निवाडा त्यांनी देऊन टाकला आहे. मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणावर उभे राहिले, तर हा निवाडा टिकणे कठीण! पण भरतमुनींचे लक्ष नटाने कसे हसून दाखवावे याकडे होते. आपला प्रश्न निराळा आहे. हसणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चाललेले असते, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

वैतरणा नदी त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातून खाली येते. मोखाडा-जव्हारकडील गावांतून बोहाडा नावाचा उत्सव होतो. रात्रीच्या वेळी संबळ वाजू लागतो आणि देवांचे व राक्षसांचे मोठमोठे रंगीत मुखवटे घातलेली सोंगे नाचत नाचत येतात. राक्षसाचे सोंग समोर आले, म्हणजे लहान मूल आईच्या पदराआड तोंड लपवते. ते सोंग पुढे निघून गेले, की तेच मूल हळूच मान बाहेर काढते आणि खदखदून हसू लागते. त्या मुखवट्यामागे आपल्या गावातलाच कोणी काका आहे, हे आता त्याला उमगलेले असते. या हसण्यात भय आहे. पण ते नुकतेच सुटलेले भय आहे. घट्ट ताणलेली दोरी एकदम सैल सोडावी, तसे मन सैल होते आणि ते सैल होणे हसण्याच्या रूपाने बाहेर पडते. तान्ह्या बाळाशी 'बुवा कुक' खेळताना हेच घडते. आईचे तोंड पदराआड गेले, की बाळ क्षणभर गोंधळते. तोंड पुन्हा दिसले, की खुदकन हसते. पण आईने तोंड फार वेळ झाकून ठेवले, तर बाळ हसत नाही, रडू लागते. हसू आणि रडू यांची घरे किती जवळजवळ आहेत, हे या लहानशा खेळातही दिसून येते.

भयाचे हे हसणे चटकन ओळखता येते. दुःखाचे हसणे तसे नाही. ते ओळखावयास थोडे थांबावे लागते.

आश्विन महिन्यात मुली पाटावर हत्तीचे चित्र काढतात व त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. याला कोठे भोंडला म्हणतात, कोठे हादगा. या गाण्यांत सासूची, सासऱ्याची, नणंदेची यथेच्छ टिंगल असते, आणि ती म्हणताना मुली हसून हसून बेजार होतात. एका गाण्यातली गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव, मग जा. सून वेल लावते. तेव्हा सासू म्हणते, त्याला फूल येऊ दे. मग कारले येऊ दे, मग त्याची भाजी कर... अशी एकेक अट वाढत जाते आणि माहेर दूर दूर सरकत राहते. ऐकताना गंमत वाटते. परंतु हे गाणे प्रथम कोणी म्हटले असेल, याचा विचार करा. पूर्वी आपल्याकडे लहान वयातच मुलींची लग्ने होत. १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. त्याआधी किती लहान मुली सासरी नांदत असतील, हे यावरूनच समजावे. आज ज्या वयाच्या मुली हा पाठ वाचीत आहेत, त्या वयाच्या मुली तेव्हा परक्या घरी पाणी भरीत, दळण दळीत, आणि माहेरच्या माणसाची वाट पाहत.

त्या मुलीला 'मला आईकडे जावयाचे आहे' असे मोठ्याने म्हणता येत होते काय? सासूसमोर ती तसे बोलली असती, तर तिला उद्धट ठरविण्यात आले असते. फेर धरून, चारजणींच्या आवाजात आवाज मिसळून, हसत हसत मात्र तिला सारे काही म्हणता येत होते. गाणे तर सर्वांचेच, मग दोष कोणाला देणार? सासूनेही ते आपल्या लहानपणी म्हटलेले असे. तिलाही हसावेच लागे. जे सरळ बोलण्यास मनाई असते, त्याला हसण्याच्या घरात वाट मिळते. म्हणूनच ज्यांना कमी बोलू दिले जाते, त्यांच्यापाशी विनोदाचा साठा पुष्कळदा मोठा असतो, असे मला वाटते.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही असेच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यातील अंतू बर्वा हा रत्नागिरीचा म्हातारा पुढे केव्हातरी तुम्हांला भेटेल. त्याच्या जिभेला जी तिरकस धार आहे, तिच्यापुढे कोणी टिकत नाही. त्याची बायको निवर्तलेली आहे, मुलगा दूर मुंबईस आहे, घरात दारिद्र्य आहे. गावात विजेचे दिवे येतात, तेव्हा अंतूला त्याचेही कौतुक वाटत नाही. उजेड पडून दिसायचे काय, तर घरातले दारिद्र्यच, अशा अर्थाचे तो काहीतरी बोलतो. ऐकणारा हसतो, आणि हसू ओठांवर असतानाच त्याच्या घशात काहीतरी अडकते. अंतू आपले दुःख कोणाला सांगत नाही. सांगितले असते, तर लोकांनी त्याची कीव केली असती. आणि कीव त्या मानी म्हाताऱ्याला सोसली नसती. विनोदाच्या आड उभे राहून तो आपली मान ताठ ठेवतो.

परदेशातले एक उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. चार्ली चॅप्लिन याचा जन्म १८८९ साली झाला. त्याचे बालपण लंडन शहरात अत्यंत हलाखीत गेले. त्याची आई रंगभूमीवर गाणारी होती. पुढे तिची प्रकृती ढासळली आणि १८९६ साली, वयाच्या सातव्या वर्षी, चार्लीला गरिबांसाठी असलेल्या अनाथालयासारख्या संस्थेत राहावे लागले. भूक म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२५ साली त्याने 'द गोल्ड रश' हा मूक चित्रपट काढला. त्यात बर्फात अडकलेला, उपाशी चार्ली आपल्या पायातला बूट शिजवतो, ताटात वाढतो, आणि एखाद्या मेजवानीला बसल्याप्रमाणे तो चवीने खातो. बुटाचे बंद तो शेवया खाव्यात तसे गुंडाळून तोंडात घालतो, खिळे हाडांसारखे चोखतो! (चित्रीकरणासाठी हा बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता.) जगभरच्या प्रेक्षकांना या प्रसंगाने हसविले आहे. भुकेची इतकी हुबेहूब नक्कल ज्याने केली, त्याने ती भूक आधी कोठे पाहिली होती, हे ठाऊक झाल्यावर ते हसू थोडे निराळे होते. पण थांबत मात्र नाही.

आता हसण्याची दुसरी बाजू पाहू. येथवर आपण पाहिले ते स्वतःच्या दुःखाला हसणे. दुसऱ्याच्या फजितीला हसणे हा अगदी वेगळा प्रकार आहे. त्याच्या मागे मी मोठा, तू छोटा, ही भावना उभी असते.

महाभारतातील मयसभेची कथा तुम्ही ऐकली आहे. पांडवांच्या त्या अद्भुत सभेत दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाण्यासारखी भासली आणि पाणी जमिनीसारखे. तो वस्त्रांसह पाण्यात पडला. तेव्हा भीम हसला, सेवक हसले, मग अर्जुन व नकुल-सहदेवही हसले. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे देण्यात आली. व्यासांनी येथे एक फार बारीक गोष्ट नोंदली आहे. दुर्योधनाने आपल्या चेहऱ्यावर काहीही दिसू दिले नाही; तो त्यांच्याकडे पाहतही नव्हता. हसणाऱ्यांना वाटले असेल, झाले, विषय संपला. पण तो संपला नव्हता. हस्तिनापुरास परतल्यावर दुर्योधन हीच हकीकत आपल्या पित्याला सांगतो. त्याच्या सांगण्यात कृष्ण हसतो, द्रौपदीही आपल्या सख्यांसह हसते. मूळ प्रसंगाच्या वर्णनात ही नावे नाहीत. दुर्योधन मुद्दाम खोटे बोलला, असे म्हणता येईल. मला मात्र निराळेच वाटते. ज्याला हसले जाते, त्याच्या कानांत हसणारांची संख्या वाढतच जाते. दोघे हसले असतील, तर त्याला दहा जण हसल्यासारखे वाटतात. पुढे द्यूताचा डाव मांडला गेला तो अनेक कारणांनी; पण हस्तिनापुराला परतणाऱ्या रथात हे हसणे दुर्योधनाच्या बरोबर होते.

वर्गात कोणी अडखळत वाचतो, कोणाची बोली निराळी असते, कोणाच्या सदऱ्याला ठिगळ असते. मुले हसतात. ज्याला हसले, तोही पुष्कळदा हसतो! इतकेच नव्हे, तर काही मुले दुसऱ्यांनी हसण्याच्या आधी स्वतःच स्वतःची थट्टा करून मोकळी होतात. अशा मुलाला सारे जण मोठा विनोदी समजतात. तो वर्गाचा विदूषक होऊन बसतो. त्याला खरोखरच मौज वाटत असेल, असेही असू शकते. पण कधी कधी तो दुसऱ्याच्या हातातला दगड आधीच आपल्या हातात घेत असतो, म्हणजे तो निदान हळू तरी लागावा. दोहोंतला भेद कसा ओळखावा? द्यूशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपल्या इच्छेप्रमाणे हलविता येतो. पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदावाचून सहसा हलत नाही, असे त्याने दाखविले. ओठ हसतात आणि डोळे हसत नाहीत, असे आपण जे म्हणतो, ते केवळ अलंकारिक नाही.

मायेचे हसणे ओळखावयास मात्र कोणत्याही वैद्याची गरज नाही. आजोबा नातवाला 'काय हो पंडित!' म्हणून हाक मारतात, तेव्हा त्या टिंगलीतले प्रेम नातवाला बरोबर कळते. प्रेम आहे असे म्हणावयाचा संकोच वाटतो, म्हणून आपण थट्टा करतो. आपल्या महाराष्ट्रात ही रीत फार आहे.

मराठीत हसू आणि आसू यांना एकाच लेखणीने वश करणारे लेखक म्हणून राम गणेश गडकरी यांचे नाव घ्यावे लागते. १८८५ साली त्यांचा जन्म याच पश्चिमेकडील रेल्वेमार्गावर, डहाणूच्या पुढे गुजरातेतील नवसारी येथे झाला. लहानपणीच त्यांचे वडील वारले आणि गरिबीशी त्यांची ओळख झाली. कविता लिहिताना ते 'गोविंदाग्रज' होत आणि विनोद लिहिताना 'बाळकराम'. बाळकरामाने ठकी नावाच्या मुलीच्या लग्नाची खटपट अशी काही रंगवली आहे, की वाचणाऱ्याचे पोट दुखावे. पण हुंडा आणि वरसंशोधन यांनी त्या काळच्या मुलींच्या वडिलांची झोप उडविली होती, हे विसरता कामा नये. त्या वडिलांपैकी कित्येकांनी हे लेख वाचले असतील आणि ते हसलेही असतील.

२३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेर येथे गडकरी क्षयाने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. त्यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी रंगभूमीवर आले. मद्यपानाने सुधाकर या हुशार वकिलाची व त्याच्या सोशिक पत्नीची, सिंधूची, कशी धूळधाण होते, हे त्यात दाखविले आहे. तळीराम हे त्यातले विनोदी पात्र. दारुड्यांचे मंडळ काढून त्याचे कामकाज मोठ्या गांभीर्याने चालविणारा तळीराम पाहून प्रेक्षक खो खो हसत. पुढे हा तळीराम अंथरुणाला खिळतो. त्याच्या खाटेशी डॉक्टर आणि वैद्य येतात आणि रोग्याला बाजूला ठेवून आपापसांत भांडू लागतात. प्रवेश अत्यंत विनोदी आहे. वाक्यावाक्याला प्रेक्षक हसतात, भांडण रंगत जाते. आणि त्या दोघांच्या मधोमध, कोणाचेच लक्ष नसलेल्या खाटेवर, एक माणूस मरत असतो.